बुखारीचा पाइप कोण साफ करतो?

१८४१ च्या डिसेंबरात मानसरोवराच्या दक्षिणेला, तकलाकोटजवळ, जोरावरसिंगांची डोग्रा फौज हिवाळ्यात अडकली. लडाख जिंकून ही फौज त्या वर्षी पश्चिम तिबेटात शिरली होती. घाट बर्फाने बंद झाले, रसद तुटली आणि १२ डिसेंबरला जोरावरसिंग लढता लढता पडले. अलेक्झांडर कनिंगहॅमने १८५४ साली लडाखवरचा आपला ग्रंथ छापला. त्यात या फौजेचे अखेरचे दिवस आले आहेत. हातापायांची बोटं गेलेले, उभंही राहता न येणारे सैनिक त्यात आहेत, आणि जराशी ऊब मिळावी म्हणून स्वतःच्या बंदुकांचे लाकडी कुंदे जाळणारेही आहेत.

ज्याने एक हिवाळा वर काढला आहे, त्याला या ओळीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शिपाई हत्यार चुलीत घालतो तेव्हा शत्रू समोर यायच्या आधीच लढाई संपलेली असते.

स्वतंत्र भारताच्या फौजेला हा धडा पुन्हा शिकावा लागला. १९४८ साली झोजिला, १९६२ साली चुशूल आणि रेझांग ला. १९६२ नंतर आपण उंचावर बारा महिने राहू लागलो, आणि एप्रिल १९८४ पासून सियाचीनवरही. त्या बारमाही मुक्कामात जवानाची सगळ्यात जवळची सोबतीण कोण, तर पत्र्याची बुखारी. रायफलीवर, तोफांवर, खेचरांवरही पुस्तकं आहेत. बुखारीवर कोणी लिहीत नाही. म्हणून आज तिच्याबद्दल, आणि खरं तर तिच्या डोक्यावरच्या पाइपाबद्दल.

ज्यांनी बुखारी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे घरोघरी तांब्याचा बंब असायचा. मधोमध नळकांडं, त्यात खाली निखारे, भोवती पाणी, वरून धूर बाहेर. त्यातलं पाणी काढून टाका, तांब्याच्या जागी लोखंडी पत्रा घ्या, वरच्या तोंडाला छपरातून बाहेर जाणारी लांब नळी जोडा, की झाली बुखारी. बंब पाण्याला तापवतो, बुखारी खोलीतल्या हवेला. काश्मीर खोऱ्यात ती लाकडावर किंवा भुशावर चालते. लडाखात गोवऱ्या आणि झुडपंही जळतात. उंचावरच्या पोस्टवर मात्र जळण उगवतच नाही, तिथे केरोसीन. नावाबद्दल दोन मतं आहेत. कोणी म्हणतात ती बुखारा शहराहून आली. दुसरं मत असं, की अरबीत ‘बुखार’ म्हणजे वाफ, आणि फारसीत आजही खोली तापवायच्या साधनाला ‘बुखारी’च म्हणतात. मला दुसरं जास्त पटतं. नाव काही असो, या यंत्रात आगीपेक्षा तिच्यातून निघणाऱ्या वाफेची आणि धुराची काळजी जास्त घ्यावी लागते.

आग पेटवणं माणसाला फार पूर्वी जमलं. धुराला वाट करून देणं मात्र शतकानुशतकं नीट जमलं नाही. युरोपातल्या थंड देशांत भिंतीतल्या उघड्या चुलाण्यासमोर बसून लोक पुढून भाजायचे आणि मागून गारठायचे, कारण बहुतेक ऊब धुराबरोबर धुरांड्यातून वर निघून जायची. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन फ्रँकलिनने यावर उपाय काढला. खोलीत पुढे आणलेली लोखंडी शेगडी. १७४४ साली त्याने तिच्यावर पुस्तिका छापली. पेटंट देऊ केलं होतं, ते त्याने नाकारलं. दुसऱ्यांच्या शोधांचा फायदा आपण घेतो, तर आपला शोधही मोकळेपणाने द्यावा, असं त्याचं म्हणणं. त्याच्या शेगडीत धूर सरळ वर जात नसे. एका पत्र्यामागून आधी खाली उतरायचा, मग धुरांड्यात. हेतू असा, की जाता जाता धुराने आपली ऊब लोखंडाला देऊन जावी.

कल्पना उत्तम, पण व्यवहारात अडचण आली. ऊब देऊन बसलेला धूर थंड होतो, जड होतो, आणि वर चढेनासा होतो. शेगडी सतत चांगली तापलेली नसेल तर खोलीत धूर भरायचा. पुढे इतरांनी त्या रचनेत बदल करून धुराला वर जाणारी सरळ नळी दिली, तेव्हा ती शेगडी घराघरांत चालू लागली.

दुसरा माणूस काउंट रम्फर्ड. जन्माने अमेरिकन, मूळ नाव बेंजामिन थॉम्पसन, पण नोकरी बव्हेरियाच्या सैन्यात. शिपायाचं जेवण, कपडे, ऊब यांवर प्रयोग करणारा हा फौजी शास्त्रज्ञ. १७९६ साली त्याने चुलाण्यांवर निबंध छापला. त्याचं मुख्य सांगणं एकच: धुरांड्याचा गळा अरुंद करा, म्हणजे धूर वेगाने वर जाईल आणि खोलीत परतणार नाही.

या दोघांच्या कामातून एक नियम हाती लागतो, आणि माझ्या मते शेगड्यांचा पुढचा सगळा इतिहास त्यावर उभा आहे. शेगडी जितकी चांगली, तितका तिचा धूर थंड. धूर जितका थंड आणि संथ, तितकी नळीच्या आत काजळी आणि डांबर जास्त. म्हणजे प्रत्येक सुधारणेने जळण वाचवलं, पण नळी साफ करणाऱ्याचं काम वाढवलं. उघडी चूल उधळी असते, पण तिला फारशी देखभाल लागत नाही. काटकसरी शेगडी रोज लक्ष मागते.

हे वाढलेलं काम कोणाच्या माथी आलं? लंडनमध्ये ते पोरांच्या माथी आलं. धुरांडी अरुंद झाली, मोठा माणूस आत मावेना, म्हणून अनाथ आणि गरीब मुलांना आत चढवलं जाई. १७७५ साली पर्सिव्हल पॉट या सर्जनने नोंदवलं, की धुरांडी साफ करणाऱ्यांना वृषणकोशाचा कर्करोग होतो आणि त्याचं कारण काजळी. एखाद्या धंद्यामुळे कर्करोग होतो हे वैद्यकाने ओळखल्याचं ते पहिलं उदाहरण मानतात. १७८८ साली कायदा आला, आठ वर्षांखालची मुलं कामाला घेऊ नयेत म्हणून. १८४० साली आणखी कडक कायदा आला. दोन्ही धाब्यावर बसवले गेले. १८७५ च्या कायद्याने साफ करणाऱ्याला पोलिसांकडून परवाना घेणं सक्तीचं झालं, तेव्हा कुठे ती प्रथा थांबली. पॉटच्या इशाऱ्यापासून बरोबर शंभर वर्षं.

आपल्याकडे उबेची किंमत वेगळ्या तऱ्हेने मोजली गेली. काश्मिरी माणूस फेरनच्या आत कांगडी धरतो. वेताच्या टोपलीत मातीचं भांडं, त्यात कोळशाचे निखारे. तिला नळी नाही, म्हणून नळीची कटकट नाही, पण निखारा थेट अंगाशी. वर्षानुवर्षं पोटाला आणि मांड्यांना चटके बसून तिथे कर्करोग होतो, हे श्रीनगरला काम करणाऱ्या मिशनरी डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलं. पुढे डॉ. अर्नेस्ट नेव्ह यांनी त्यावर विस्ताराने लिहिलं.

काजळी दिसते, चटका जाणवतो. तिसरा शत्रू ना दिसतो ना जाणवतो. जळणाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि मग रक्त ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. ब्रिटनमध्ये जॉन स्कॉट हाल्डेन याने हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम टिपले. १८९६ साली त्याने दाखवून दिलं, की कोळशाच्या खाणीत स्फोट झाल्यावर मरणाऱ्यांपैकी बहुतेक जण स्फोटाने नव्हे, तर नंतरच्या या वायूने मरतात. खाणीत उतरताना छोटा प्राणी किंवा पक्षी बरोबर न्यावा, ही सूचना त्याचीच. ब्रिटिश खाणींत कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत होते. याच हाल्डेनचा मुलगा, शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन, १९५७ साली भारतात आला, इथलाच झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला.

आता हे सगळं घेऊन वर पोस्टवर चला.

एक किलो केरोसीन पूर्ण जळायला साधारण पंधरा किलो हवा लागते. १५,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ५७ टक्क्यांच्या आसपास. १८,००० फुटांवर निम्माच. म्हणजे पुण्यात बुखारीच्या ज्या भोकांतून पुरेशी हवा आत गेली असती, त्याच भोकांतून वर बरीच कमी हवा जाते. केरोसीन अर्धवट जळतं. अर्धवट जळण्यातून काजळी निघते आणि तोच वायूही निघतो. काजळी नळीत बसते, नळी अरुंद होते, ओढ कमी होते, आत येणारी हवा आणखी घटते, आणि काजळी आणखी वाढते. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही. बाहेर उणे पंचवीस असल्याने नळीचा छपरावरचा भाग बर्फासारखा गार असतो, त्यामुळे तिथे थर सगळ्यात लवकर जमतो. आणि आतला जवान थंडी आत येऊ नये म्हणून दाराची फट पोत्याने बुजवतो. तोही बिचारा काय करणार!

याहून वाईट गोष्ट म्हणजे या विषबाधेची लक्षणं. डोकं दुखणं, मळमळ, अंगात जीव नसणं, झोप येणं. उंचीवर नवीन आलेल्या माणसाला अगदी हेच होतं. त्यामुळे ‘हवा लागली, होईल बरं’ म्हणून माणूस तसाच झोपतो.

लडाखातल्या माझ्या एका पोस्टिंगमध्ये एका रात्री आमच्या शेल्टरमधल्या चौघांचं डोकं एकदमच दुखायला लागलं. आम्ही सगळे तिथे दोन महिने मुरलेले. आमचा नर्सिंग असिस्टंट केरळचा, वयाने पंचविशीचा. तो दारात उभा राहून म्हणाला, “साब, उंचीने एकाचं डोकं दुखेल. चौघांचं एका वेळी नाही दुखत. बाहेर चला.” स्लीपिंग बॅगेसकट त्याने आम्हाला बाहेर काढलं. अर्ध्या तासात तिघांची डोकी उतरली, चौथ्याला ऑक्सिजन लावावा लागला. वर चढून पाहिलं, तर संध्याकाळच्या वाऱ्याने नळीची टोपी बर्फाने लिंपून टाकली होती. त्या पोराचं ते वाक्य मी पुढे प्रत्येक पोस्टवर नव्या आलेल्यांना ऐकवत आलो. वाचकांपैकी कोणाचा मुलगा, पुतण्या आत्ता वर असेल, तर त्यालाही ऐकवा. एका खोलीत एकाच वेळी एकापेक्षा जास्त जणांचं डोकं दुखलं, तर आधी बाहेर पडायचं, बुखारी बंद करायची, कारण नंतर शोधायचं.

आमच्या वेळी एका सुभेदार साहेबांनी बुखारीच्या सफाईची पाळी लावली होती. भिंतीवर कागद, त्यावर नावं. पोस्ट कमांडरचं नाव पहिलं, स्वयंपाक्याचं नाव त्यात नाही. ते म्हणायचे, “तो बारा जणांचं जेवण करतो, त्याला काजळी का द्यायची? आणि साहेबाने पाइप उतरवला की पोरं आपोआप उतरवतात.” लंडनला जे काम सगळ्यात दुबळ्यावर टाकलं गेलं, ते या कागदाने सगळ्यांत वाटून दिलं होतं. तेव्हा मला पर्सिव्हल पॉट माहीत नव्हता. साहेबांनाही नसावा.

सफाईची रीत साधी होती, आणि तिच्यातल्या प्रत्येक कलमामागे कोणाचा तरी अपघात होता. सकाळी, बुखारी पूर्ण गार असताना, नळी सांध्यासांध्यातून सोडवायची. खोलीत झटकायची नाही, बाहेर नेऊन ठोकायची आणि तारेला बांधलेलं गोणपाट आरपार ओढायचं. कोपराच्या वळणात काजळी सगळ्यात जास्त, म्हणून तिथे हात घालून बघायचं. वरची टोपी रोज पाहायची, आणि बर्फ पडत असेल तर झोपण्यापूर्वी पुन्हा. केरोसीन ज्या थाळीत ठिबकतं तिच्यावर कोळशाची खरपुडी धरते, ती खरवडायची, नाहीतर तेल एका बाजूला साचतं. तेलाच्या टाकीच्या तळाशी पाणी उतरतं आणि बारीक नळीत गोठतं, म्हणून तळचं पाणी वेळोवेळी काढून टाकायचं.

सगळ्यात कडक नियम विझलेल्या बुखारीचा. ज्योत मध्येच विझली आणि तेल ठिबकतच राहिलं, तर तापलेल्या थाळीवर त्याची वाफ होऊन पिंपात भरते. अशा वेळी काडी लावली की भडका तोंडावर येतो. फौजेत याला ‘बॅकब्लास्ट’ म्हणतात. म्हणून आधी तोटी बंद, मग दार उघडं, बुखारी हाताला गार लागेपर्यंत थांबायचं, साचलेलं तेल पुसायचं आणि मगच पेटवायचं. बाहेर कितीही थंडी असो, घाई करायची नाही. रात्री सगळे झोपणार असतील तर बुखारी बंद. चालू ठेवायचीच असेल तर एकाने जागं राहायचं.

खोऱ्यातल्या लाकडी बुखारीचे नियम थोडे वेगळे. ओलं लाकूड धुमसतं आणि नळीत डांबर जमवतं. ते पेटलं तर नळीच लाल होते. म्हणून जळण आदल्या उन्हाळ्याचं, वाळलेलं हवं. नळ्या जोडताना वरच्या नळीचं तोंड खालच्या नळीच्या आत गेलं पाहिजे, म्हणजे ओघळणारं डांबर आतल्या आत परत बुखारीत उतरतं. पुष्कळ लोक उलट जोडतात, आणि मग सांध्यातून काळं पाणी अंथरुणावर गळतं. राख काढताना ती लोखंडी झाकणाच्या बादलीत, आणि बादली बाहेर. राखेतला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत सापडतो.

२०२१ च्या जानेवारीत डीआरडीओने ‘हिम तापक’ नावाचं साधन जाहीर केलं. दिल्लीच्या डिपास प्रयोगशाळेने ते पूर्व लडाख आणि सियाचीनसारख्या भागांसाठी बनवलं. बॅकब्लास्ट आणि कार्बन मोनॉक्साइडने होणारे जवानांचे मृत्यू टाळणं हाच त्याचा उद्देश सांगितला गेला, आणि सेनेने त्यासाठी ४२० कोटी रुपयांहून अधिकची मागणी नोंदवल्याचंही तेव्हा जाहीर झालं. बातमी वाचून माझ्यासारख्या जुन्या माणसाला बरं वाटलं. आमच्या काळात हे मृत्यू ‘अपघात’ या एका शब्दात मिटत. त्यांचं कारण सरकारी कागदावर आलं, त्याची दखल घेऊन यंत्र बदललं, हेही एक काम झालं.

आता शेगडीच्या इतिहासातलं सगळ्यात नवं पान. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत लाकूड गिरण्यांच्या भुशाकडे इंधन म्हणून लक्ष गेलं, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला घरात वापरायची पेलेटची शेगडी बाजारात आली. वाळलेला भुसा साच्याच्या भोकांतून जबर दाबाने रेटतात. दाबाच्या उष्णतेने लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि तेच भुशाला बांधतं, वेगळा डिंक लागत नाही. सहा ते आठ मिलिमीटर जाडीच्या या कांड्या एका टाकीत ओततात, एक मळसूत्र त्या थोड्या थोड्या आगीत ढकलतं, आणि पंखा हवा देतो. आपल्याकडे बाटली मधे उभी धरून भुसा ठासायची शेगडी होती. तिचाच हा विजेवर चालणारा शहाणा नातू.

आमच्यातले काही निवृत्त सोबती हिवाळ्यात मुलांकडे अमेरिकेत, कॅनडात जातात आणि तिथे ही शेगडी त्यांना भेटते. बटण दाबलं की पेटते, म्हणून हिला काही करावं लागत नाही असा समज होतो. वरचा नियम आठवा. ही सगळ्यात काटकसरी, म्हणून हिचा धूर थंड आणि हिची मागणी जास्त. जळणाच्या भांड्याची बारीक भोकं रोज, गार असताना, मोकळी करायची, कारण राखेतली वाळू वितळून तिथे खडे धरतात आणि हवा कोंडते. राखेचा खण नियमाने रिकामा करायचा. घरातला साधा व्हॅक्युम क्लीनर राखेला लावायचा नाही, एक निखारा त्याची पिशवी पेटवायला पुरेसा आहे. कांड्या कोरड्या ठेवायच्या. ओल लागली की फुगून त्यांचा पुन्हा भुसा होतो आणि मळसूत्र अडकतं. वर्षातून एकदा धुराची नळी, पंख्याची पाती आणि दाराची दोरी तपासून घ्यायची. वीज गेली की पंखा थांबतो आणि धुराला बाहेर ढकलणारं कोणी उरत नाही, हेही ध्यानात ठेवायचं.

आणि झोपण्याच्या खोलीबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावायचा. आम्हाला त्या रात्री तो केरळी पोरगा मिळाला होता. सगळ्यांना मिळतोच असं नाही. जी शेगडी असेल तिची असो, पहिल्या थंडीआधी एकदा बाहेर जाऊन तिच्या नळीचं टोक स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. आणि घरात पाळीचा कागद लावणार असाल, तर त्यावर पहिलं नाव स्वतःचं घाला.